दक्षिणेकडे वळवलेली वात

धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला घराबाहेर कणकेचा दिवा लावून त्याची वात दक्षिणेकडे वळवायची, आणि चारच दिवसांनी, यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला होता त्या तिथीला, भावाला ओवाळायचे, असा क्रम ज्या सणात पूर्वापार चालत आला आहे, त्या सणाच्या अंकात मृत्यूविषयीचा मजकूर अशुभ कसा, हे आम्हांस उमगत नाही. तथापि आमच्या वयोवृद्ध मुद्रितशोधकांनी कवितांचा गठ्ठा परत करताना “सणासुदीला हे कशाला, साहेब?” अशी तक्रार दाखल केली.

तक्रार अगदीच बेबुनियाद नव्हती. आलेल्या बहुतेक कवितांत मृत्यू पहिल्याच ओळीत, चोपदाराने ललकारी द्यावी तसा, स्वतःचे नाव पुकारीत शिरत होता. आणि जी भाषा फुटलेल्या बांगडीला ‘वाढवली’ म्हणते, घरातून निघालेल्या माणसाला ‘येतो’ म्हणायला लावते, त्या भाषेत अशा ललकारीने कोणी दचकत नाही. यमाला कोणाचा तरी भाऊ करून पाटावर बसवणारी ती प्राचीन कल्पना याहून किती धूर्त! शालेय व्याकरण तिला चेतनगुणोक्ती म्हणून मोकळे होते; आम्ही तिला नाते जोडणे म्हणू.

भा. रा. तांब्यांनी जीवाला माहेर सोडताना अडखळणारी नवरी केले, असाच त्यांच्या नववधूच्या गीताचा अर्थ जाणते लावतात. एका लग्नात पाठवणीच्या वेळी लताबाईंच्या आवाजातले ते गीत लागले, तेव्हा सारा मांडव डोळे पुसत असता एका निवृत्त शिक्षकांच्या कपाळावर मात्र आठी उमटली. ती आठी आम्हांस पटली नाही. पाठवणीचे दुःख त्यात इतके खरे उतरले आहे, म्हणूनच दुसरा अर्थ त्याच्या आडोशाने निर्वेध आत येतो.

गडकऱ्यांची युक्ती नाटककाराची. ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत बोलते ती केवळ आई, आणि तिच्या लेखी मूल झोपले आहे. भोवतालची माणसे व वाचक यांना जे ठाऊक आहे ते तिच्या मुखी येतच नाही, आणि या दोन जाणिवांमधल्या फटीत सगळा करुणरस साठतो. ‘बाळकराम’ होऊन महाराष्ट्राला हसवणारा हा लेखक 1919 साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, सावनेरला निवर्तला.

मर्ढेकरांनी मात्र नातेच तोडले. पिंपातल्या मेलेल्या उंदरांना ना आई, ना वर. शिवाय ती कविता आठ-आठ मात्रांच्या, पोरासोरांनाही गुणगुणता येईल अशा चालीत बांधलेली, त्यामुळे जीभ ठेक्यात रमते आणि मन शहारते. आमच्याकडे आलेल्या मुक्तछंदी आक्रोशांना हा हिशेब क्वचितच साधला होता.

एकीला साधला होता. तिच्या कवितेत एक बाई फराळाचे डबे भरते, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवते, आणि शेवटी एक डबा चिठ्ठीवाचून उरतो. मुद्रितशोधकांनी त्या पानावर एकही खूण केली नाही. फक्त चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.