खून वाचून देश कळतो म्हणे!

परवा टोरांटोच्या मावसभावाशी गप्पा चालल्या होत्या. स्वारी सध्या स्टीग लार्सनच्या कादंबऱ्यांत बुडालेली. म्हणतो, "ताई, हे वाचलं की स्वीडन कळतं. जायचीसुद्धा गरज नाही!"

आता मी बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेली. रहस्यकथांशी माझं भांडण नाही. पण हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की डोकंच फिरतं. अरे, त्या पहिल्या पुस्तकाचं स्वीडिश नाव 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असं आहे. इंग्रजीत आणताना ती गोंदणवाली मुलगी पुढे केली. नावच धड पोचलं नाही, आणि म्हणे देश पोचला!

आपलंच घ्या. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रजाने १९६४ साली मुंबईचा इन्स्पेक्टर गणेश घोटे उभा केला, तोही भारतात एकदाही पाऊल न टाकता. पुढेही कित्येक वर्षं न येताच लिहीत राहिला. घोटे भला माणूस आहे, मला आवडतो. पण त्यातली खरी मुंबई किती आणि कीटिंगसाहेबांच्या मनातली किती, हे तिकडच्या वाचकाला कळणार कसं?

आमच्या बदलापूरची तर तऱ्हाच और. मासिमो कार्लोतोच्या इटालियन कादंबरीवरून श्रीराम राघवनने २०१५ साली 'बदलापूर' काढला. सूडकथा, म्हणून बदलापूर! इथले जुने लोक सांगतात, इथे घोडे बदलायचे म्हणून हे नाव. आणि इथलं खरं वैर बघायचंय ना? सकाळी स्टेशनवर या. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी उलटी बदलापूरला येतात, सीट धरून बसतात, आणि इथले उभे! यावर कुणी कादंबरी लिहीत नाही.

उल्हासनगर म्हटलं की बाहेरचा लेखक हमखास नकली मालाचा कारखाना दाखवणार. इथला लेखक नुसतं 'कॅम्प चार' लिहून पुढे जाईल. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्कराच्या छावणीत उतरवलं, त्या कॅम्पांचे आकडे अजून पत्त्यांत आहेत, हे इथल्या वाचकाला कशाला सांगायचं? आणि टोरांटोतला वाचक तो नुसता पत्ता समजून पान उलटणार. ज्याला माहीत आहे तो समजावत बसत नाही, आणि जो समजावतो... असो.

भावाला हे सगळं ऐकवलं. तो सहावीत असताना अंबरनाथहून गेला. थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "पण ताई, उलटं येऊन बसायचं म्हणजे कसं गं?"

पाऊण तास तेच समजावत बसले.