घट्ट टाके गळ्याशी येतात!

थंडीची चाहूल लागली की आमच्या बचत गटात लोकरीचे गुंडे निघतात. बाळंतविड्याचे स्वेटर, टोपडी, मोजे. मागच्या हिवाळ्यात एका दुकानदाराने बारा स्वेटरची ऑर्डर दिली. आम्ही खुशीत! आठ दिवसांत सात परत. ‘‘ताई, नक्षी छान आहे हो, पण बाळाच्या डोक्यातून गळाच जात नाही.’’

जिने रात्री जागून ते विणले, तिचे पैसे अडकले. तिचा चेहरा बघवेना. खरं सांगते, चूक तिची नव्हतीच. शिकवलं होतं मीच. सुलट-उलट, जाळी, वेणी, सगळं मन लावून शिकवलं. टाके बंद करायची वेळ आली तेव्हा मात्र म्हटलं, ‘एकावरून एक काढत जा, झालं!’

इथेच फसतं. तान्ह्या बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर, सहा महिन्यांत ४२-४३. गळपट्टी कितीही लवचीक विणा, शेवटची ओळ ताठ झाली की ती ताणायचं नाव घेत नाही.

उपाय अवघड नाहीत. पहिला सोपा : टाके बंद करताना उजव्या हातात एक-दोन नंबर जाड सुई घ्या. दुसरा : मागच्या बाजूने सुई घालून दोन टाके एकत्र सुलट विणा, तयार झालेला टाका परत डाव्या सुईवर घ्या, पुन्हा पुढच्या टाक्याबरोबर दोन एकत्र. शेवटपर्यंत असंच, हात सैल ठेवून. तिसरा शिवणीचा : कडेच्या तिप्पट धागा ठेवून कापा आणि बोथट सुईत ओवा. पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे जा, मग पहिल्यातून परत उलट या आणि तो टाका सुईवरून सोडा. वेळ लागतो, पण कड छान ताणते.

मात्र सगळीकडेच सैल नको हं! खांद्यावर सगळ्या स्वेटरचं वजन येतं. तिथे पुढचा-मागचा भाग सुलट बाजू आत ठेवून, दोन्ही सुयांवरचा एकेक टाका तिसऱ्या सुईने एकत्र विणत बंद करा. तो जोड घट्टच हवा, नाहीतर स्वेटर ओघळतो.

आपल्याकडे कौतुक होतं ते नक्षीचं. कडेकडे कोण बघतं? पण बाळ स्वेटरमध्ये शिरतं ते कडेतूनच ना! किंमत ठरवतानाही आपण लोकरीचा हिशेब करतो, शेवटच्या तासाभराचा करत नाही. मग तो तास घाईत उरकला जातो. माझं स्पष्ट मत आहे, त्या तासाचेही पैसे धरा आणि तो तास पुरता द्या. विणकामाच्या वर्गांतही नवी नक्षी शिकवण्याआधी टाके बंद करायला शिकवा.

त्या सात स्वेटरचे फक्त गळे उसवले आणि टाके नव्याने बंद केले. दुकानदाराने सगळे घेतले. आता आमच्या गटात एक नियमच झालाय : धागा कापण्याआधी कड दोन्ही हातांनी ताणायची आणि टेप लावून बघायची. तुम्हीही बघा मैत्रिणींनो. दोन मिनिटांचं तर काम!