मोटारीजवळचे दोन आकडे

मोसंबीची पाण्याची पाळी आलेली, विहिरीत पाणी शिल्लक, रात्रीची थ्री फेज लाइन नुकतीच आलेली, आणि नेमक्या त्याच वेळी मोटार गुरगुरून बंद पडावी, हा अनुभव जालना जिल्ह्यातील बागायतदाराला अपरिचित नाही. अंबड तालुक्यातील अशाच एका शेतकऱ्यासमवेत मी मोटारी भरून देणाऱ्या कारागिराच्या दुकानात बसलो होतो. कारागिराने उपसून काढलेले वेटोळे समोर ठेवले. तांब्यावरचे वार्निश जळून त्याचा कोळसा झाला होता आणि करपट वास दुकानभर दरवळत होता. शेतकऱ्याने विचारले, "मिस्त्री, लाइट तर डीमच व्हती, मंग मोटार जळली कशी?"

हा प्रश्न अत्यंत मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या शाळांनी त्याला कधी दिले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, आणि दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, ही दोन सूत्रे दहावीपर्यंत प्रत्येकाने घोकलेली असतात. पैकी पहिले ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये प्रसिद्ध केले. दिव्याची तार त्याला अनुसरते: दाब घटला की प्रवाह घटतो आणि दिवा मंद होतो. मोटारीची जात निराळी. तिच्या माथ्यावर पंपाचा भार असतो, आणि दाब उतरला म्हणून तो भार फारसा हलका होत नाही. म्हणून गुणाकारातील एक संख्या घटली की दुसरी वाढते. पाच अश्वशक्तीची मोटार ४०० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर घेत असेल, तर ३२० व्होल्टवर ती १० अँपिअरच्या घरात जाते. वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ६४ च्या जागी १०० भाग, म्हणजे दीडपटीहून अधिक उष्णता तिथे साचते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत भंगार वितळून पोलाद होते ते ज्या नियमाने, त्याच नियमाने शेतातले वार्निश जळते.

थ्री फेजच्या हिशेबात तीनचे वर्गमूळ आणि शक्तिगुणक हे दोन घटक आणखी येतात, हे खरे. परंतु शेतकऱ्याला आधी हवी आहे ती केबलची गोष्ट. विहीर डीपीपासून ३०० मीटर लांब असेल आणि केबल चार चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची असेल, तर प्रत्येक तारेचा रोध सव्वादोन ओहमच्या आसपास भरतो. ८ अँपिअरला वाटेतच सुमारे ३० व्होल्ट गळतात, आणि चारशेहून अधिक वॉट शक्ती पाणी न उपसता केबल तापवण्यात खर्ची पडते. दहा चौरस मिलिमीटरची केबल घातली, तर हे नुकसान निम्म्याहूनही खाली येते. केबल विकत घेताना हा हिशेब त्याला कुणी करून दाखवतो काय?

राज्यात २०१८ पासून कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आली, तिच्याही मुळाशी हेच गणित आहे. ४०० ऐवजी ११,००० व्होल्टने वीज शेताच्या बांधापर्यंत नेली, तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह साडेसत्तावीस पटींनी घटतो, आणि त्याच तारेतील हानी साडेसातशे पटींहून अधिक. तथापि जिथे एकाच डीपीवर अनेक मोटारी आहेत आणि लाइन येताच सगळ्यांचे ऑटो स्विच एका क्षणी पडतात, तिथे सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट असल्याने दाब कोसळणारच.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासनाने आपल्याकडे घेतले. परंतु जळालेली मोटार भरण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी आहे, आणि बिलाबरोबर विजेची मोजदादही त्याच्या नजरेआड होण्याचा धोका आहे. माझी मागणी अशी की, प्रत्येक स्टार्टरच्या पेटीत व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर चालू स्थितीत असावेत, ग्रामपंचायतीपाशी एक क्लॅम्प मीटर असावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलांनी तो वापरायला गावोगाव शिकवावे. कमी दाबाच्या पुरवठ्यात ठरलेल्या दाबाहून सहा टक्क्यांपेक्षा अधिक तफावत नसावी, असे राज्य वीज नियामक आयोगाचे मानक आहे. म्हणजे ४०० व्होल्टचा पुरवठा ३७६ च्या खाली जाता कामा नये. "व्होल्टेज कमी असते" असा मोघम अर्ज दफ्तरात पडून राहतो. त्याऐवजी तारीख, रात्रीची वेळ, तिन्ही फेजमधील दाब आणि तिन्ही तारांतील प्रवाह अशी पंधरा दिवसांची नोंद जोडून अर्ज दाखल केला, तर संबंधित अधिकाऱ्याला लेखी खुलासा करावा लागेल. त्या शेतकऱ्याने दुकानातच, मोटारीच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, या नोंदीचे रकाने माझ्याकडून आखून घेतले.