पिन बसली म्हणजे जमलं, असं नाही

उमरग्याहून एका वाचक मैत्रिणीने विचारलं आहे. माळा आवरताना सासऱ्यांचा जुना लॅपटॉप सापडला. घरातल्या लग्नाकार्यांचे फोटो त्यातच आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. मूळ चार्जर हरवलाय. पण ट्रंकेत सहा काळे चार्जर आहेत आणि त्यांतल्या दोघांची पिन बरोबर बसते. लावून बघू का?

बाई, जरा थांबा. पिन बसणं ही पसंतीची शेवटची पायरी, पहिली नव्हे. जुन्या १६ व्होल्टच्या थिंकपॅडची आणि १९ व्होल्टच्या कित्येक तोशिबा-असूसची गोल पिन एकाच मापाची असते. पिन सहज आत जाईल आणि लॅपटॉप मात्र कायमचा बसेल. औषधाची बाटली रंगावरून उघडत नाही, चिठ्ठी वाचतो ना? इथेही तसंच. भिंग घ्या आणि उजेडात बसा.

आधी लॅपटॉप उलटा करा. बुडाशी चिठ्ठी असते, तिथे ‘इनपुट’पुढे त्याची गरज लिहिलेली असते. समजा, १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. हे वहीत उतरवा. आता चार्जरवर ‘आउटपुट’ची ओळ शोधा. चार्जरवरची ‘इनपुट’ची ओळ भिंतीतल्या विजेची, तिथे १०० ते २४० असेल तर ठीक. परदेशातून आलेल्या एखाद्या चार्जरवर नुसतंच १२० असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात लावूच नका.

आता चार गोष्टी जुळवा:

१) व्होल्ट तेच हवेत. १९ आणि १९.५ असा अर्ध्या व्होल्टचा फरक सहसा चालतो. १६ च्या जागी १९ किंवा २० चालत नाही.

२) अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत. व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर. तो वाढला की तोटी उडते. अँपिअर म्हणजे टाकीत किती पाणी आहे ते. मोठ्या टाकीखाली तांब्या धरला म्हणून तांब्या फुटत नाही, तो लागेल तेवढंच घेतो. पण टाकी अपुरी पडली, म्हणजे अँपिअर कमी असले, तर चार्जर तापतो.

३) अधिक-उण्याची खूण सारखी हवी. गोल पिनेच्या चार्जरवर लहानसं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धं वर्तुळ, दोन्हीकडे + आणि −. लॅपटॉपवरही तसंच चित्र असेल, तर दोन्ही ताडून पाहा.

४) आउटपुटपुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ हवी. नागमोडी रेघ असेल, तर तो लॅपटॉपचा चार्जर नव्हे.

चिठ्ठी पुसली गेली असेल, तर तो चार्जर बाजूला ठेवा. अंदाजाने काही करायचं नाही. दुकानात मल्टिमीटरवर तपासून घेता येतो.

कुणी म्हणेल, कमी-जास्त विजेवर चालणारे लॅपटॉपही असतात की. असतात. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या शाळेत मुलांना जे छोटे लॅपटॉप दिले होते, ते खेड्यातल्या विजेचा विचार करून ११ ते १८ व्होल्टवर चालतील असेच बनवलेले होते. आपल्या घरातले तसे नसतात.

आकडे जुळले, तरी पिनेजवळची वायर वाकवून बघा. चीर पडली असेल, जळका वास येत असेल, हलवल्यावर आत खुळखुळत असेल, तर तो बाद. चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नका. आणि चार्जर घरी उघडू तर अजिबात नका. प्लग काढल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते.

पहिल्यांदा लावताना लॅपटॉप फरशीवर ठेवा. गादीवर नको, पडद्याजवळ नको. बॅटरी फुगलेली दिसली तर लॅपटॉप लावूच नका, आधी जाणकाराला दाखवा. अर्धा तास समोरच बसा. चार्जर कोमट होणारच. पण हात ठेववत नसेल तर भिंतीचं बटण बंद करा. डेलच्या काही चार्जरच्या पिनेत मधे बारीक सुई असते, त्यावरून लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. दुसरा लावला तर लॅपटॉप चालू होईल, पण बॅटरी भरेलच असं नाही.

वीज गेली की प्लग काढा. आल्यावर पाच मिनिटांनी लावा. रात्रभर लावून झोपू नका.

लॅपटॉप सुरू झाला की पहिलं काम फोटोंचं. पेन ड्राइव्हवर एक प्रत घ्या आणि दुसरी प्रत लेकीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. जुन्या यंत्राचा भरवसा नाही.

सहांतला एकही जुळला नाही, तर काटकसर तिथेच पुरे. नवा घेताना त्यावर ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक आणि मानक संस्थेची खूण बघून घ्या.

उरलेल्या चार्जरना कोणता कशाचा ते लिहून कापडी पट्ट्या चिकटवा. बाद झालेले कचऱ्यात टाकू नका आणि तांब्यासाठी वायर जाळायला कुणाला देऊ नका. तो धूर विषारी असतो. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडेच ते द्या.