आपल्या वस्तीचा अहवाल कोण लिहिणार?

परभणी-हिंगोली रस्त्यावरच्या जवळा बाजारात आता सर्वेक्षणाचे कुणाला अप्रूप राहिलेले नाही. कधी घरकुलांचे, कधी शौचालयांचे, कधी बचत गटांचे, तर कधी शाळाबाह्य मुलांचे. ही मुले-मुली दारात येतात, प्रश्न विचारतात, उत्तरे भरतात आणि पुढच्या घरी जातात. त्यात आपली मुलेही असतात. बी. ए., एम. ए., एम. एस. डब्ल्यू. झालेली, आणि एका फॉर्ममागे ठरलेल्या पैशांवर उन्हातान्हात फिरणारी. अहवाल मात्र दूरच्या शहरात लिहिला जातो. त्यावर त्यांचे नाव नसते आणि बहुतेकदा तो त्यांना वाचायलाही मिळत नाही.

हे काम आम्हीही केले आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील गावांत प्रश्नावली घेऊन फिरताना एक प्रश्न होता, “घरी नळजोडणी आहे का?” उत्तर हो किंवा नाही. लोक मात्र वेगळेच सांगत होते. जोडणी आहे, पण पाणी आधी गावात फिरते आणि आपल्या वस्तीत शेवटी येते, तेही करंगळीएवढ्या धारेने. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. आम्ही ते मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवले. अहवालात त्यातले एक वाक्यही आले नाही. कागदावर त्या घरांना पाणी मिळाले होते.

मूल्यमापन हा रूक्ष तांत्रिक विषय आहे, असे समजून आपली चळवळ त्याकडे पाहत नाही. पण योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, निधी वाढवायचा की वळवायचा, याला आधार म्हणून हेच अहवाल पुढे केले जातात. काय विचारायचे हे जो ठरवतो, तोच काय दिसणार हेही ठरवतो.

चाळीसगावचा टांगा

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी समाजाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. ते प्रत्यक्ष दौऱ्यावर गेले, लोकांची गाऱ्हाणी ऐकली. ऑक्टोबर 1929 मध्ये चाळीसगावला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला टांगेवाल्याने नकार दिला. टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच माणसाला लगाम हाती घ्यावा लागला. टांगा पुलाजवळ आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग आपण भाषणांत सांगतो, पण ते तिथे कशासाठी गेले होते हे सांगायचे राहून जाते. ते चौकशीसाठी, पुरावा गोळा करण्यासाठी गेले होते. समितीचा अहवाल 1930 मध्ये आला. त्याआधी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढेही त्यांनी तपशीलवार निवेदन आणि साक्ष दिली होती. मागणीच्या आधी माहिती, ही त्यांची पद्धत होती.

अलीकडचे उदाहरण डॉ. सुखदेव थोरात यांचे. पॉल अॅटवेल यांच्यासोबत त्यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आडनावांच्या अर्जांना होकार मिळण्याची शक्यता कमी असल्याचे दिसले. “आता जात कुठे राहिली?” या प्रश्नाला शंभर भाषणांपेक्षा हे उत्तर भारी पडते.

दारे कोणती आहेत?

2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. 2011 च्या अंकेक्षण नियमांनी त्यासाठी स्वतंत्र राज्य यंत्रणा आणि ग्राम साधन व्यक्ती आणल्या. काम करणाऱ्या यंत्रणेनेच स्वतःची तपासणी करू नये, हे त्यामागचे तत्त्व. राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून सामाजिक अंकेक्षणाचा 30 दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालवला आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय विभागाने 2021-22 पासून आपल्या योजनांच्या सामाजिक अंकेक्षणासाठी वेगळी योजना सुरू केली. शिष्यवृत्तीपासून वृद्धाश्रमापर्यंतच्या योजना या तपासणीच्या कक्षेत येतात. म्हणजे आपल्यासाठी असलेल्या योजना आपणच तपासण्याची वाट आता कागदावर तरी आहे.

सामाजिक सेवेतही अधिकाराच्या जागा आहेत. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात आणि त्यातली एक तरी स्त्री असावी लागते. बाल कल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांना व्यावसायिक म्हणून यादीत स्थान दिले. या जागांच्या जाहिराती आपल्या वस्तीपर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचल्या तर अनुभवाचे दाखले जमवलेले नसतात.

शिक्षणासाठी नांदेडचे विद्यापीठ आपल्या जिल्ह्याचेच आहे आणि तुळजापूरला टाटा संस्थेचे संकुल आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचे असेल तर इग्नूतून एम. एस. डब्ल्यू. करता येते.

दारावरची अडवणूक

संशोधनाची वाट मात्र अरुंद केली जात आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. 2018 मध्ये टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि खानावळीच्या शुल्कासाठी संप करावा लागला, कारण शिष्यवृत्तीधारकांची सवलत काढून घेण्यात आली होती. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून 2022 मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले गेले. जातीवर परदेशात संशोधन करू पाहणाऱ्या आपल्याच मुलांना त्याचा फटका बसणार हे उघड होते. 2023 मध्ये बार्टीच्या 861 संशोधक विद्यार्थ्यांना 200 जागांच्या मर्यादेविरुद्ध आझाद मैदानावर बसावे लागले.

राष्ट्रीय फेलोशिपचा दर जानेवारी 2023 पासून सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये आहे. शेतमजुराच्या घरातील मुलीसाठी ही रक्कम म्हणजे पाच वर्षे निर्धास्त अभ्यास. ती रखडली की आधी संशोधन सुटते, मग पुणे सुटते आणि शेवटी पुन्हा फॉर्म भरण्याचे काम उरते. म्हणून फेलोशिपचा लढा पीएच.डी. करणाऱ्या मोजक्या मुलांचा नाही. उद्या अहवाल कोण लिहिणार, हे त्यात ठरते.

आपल्याकडून काय व्हावे?

सरकारवर बोट ठेवताना आपल्याकडेही पाहू. जयंतीच्या मंडळांचा जमाखर्च किती ठिकाणी विहारात वाचून दाखवला जातो? अभ्यासिका उघडली, पण वर्षभरात तिथे किती मुली बसल्या, याची नोंद कोण ठेवतो? स्वतःचे मूल्यमापन टाळणाऱ्या समाजाने इतरांकडे हिशेब मागितला तर त्या मागणीत जोर राहत नाही. भगवान बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश ऐकीव गोष्ट तपासून घेण्याचाच होता.

आमची सूचना साधी आहे. जवळा बाजारसारख्या मोठ्या गावातील चार-पाच पदवीधरांनी एकत्र यावे आणि एकच योजना घ्यावी. उदाहरणार्थ, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना. 2004 पासूनच्या या योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या तालुक्यात ती कुणाला मिळाली? सातबारा कुणाच्या नावे आहे? जमिनीला रस्ता आहे का, पाणी आहे का, आज ती कोण कसतो? माहितीच्या अधिकारात यादी मागवावी, घरोघरी जावे, पाच-सहा पानांचा अहवाल मराठीत लिहावा, तो आधी लाभार्थ्यांना वाचून दाखवावा आणि मग ग्रामसभेत व समाजकल्याण कार्यालयात द्यावा. ज्यांनी काम केले त्या सर्वांची नावे पहिल्या पानावर असावीत.

असा एक अहवाल हाताशी असला की मुलाखतीत दाखवायला अनुभव मिळतो, पीएच.डी.च्या आराखड्याला विषय मिळतो आणि मोर्चाच्या निवेदनाला आकडा मिळतो. करंगळीएवढी धार आम्ही एकदा फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिली होती. पुढच्या वेळी ती पहिल्या पानावर यायला हवी.

जय भीम!