वाटून टाकलेली डॉक्टरकी

डॉ. रजनीकांत आरोळे मे 2011 मध्ये गेले. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल त्यांच्याआधी, 1999 मध्येच गेल्या होत्या. त्यांनी काम केले त्या जामखेड तालुक्यातल्या विहिरी तळ गाठतात त्या दिवसांत डॉक्टरांचा हा स्मृतिदिन येतो. या दोघांच्या कामाबद्दल बोलायचे तर पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

1972 च्या दुष्काळात गावोगावी बोअर घ्यायचे ठरले. बोअर कुठे घ्यायचा, हा प्रश्न वरवर साधा. पण गावात त्याचे उत्तर जातीवर ठरत आले होते. आरोळ्यांनी हातपंप दलितवस्तीत बसवण्याचा आग्रह धरला. मग ज्यांच्या आडावर दलित बायकांना पोहरा टाकता येत नव्हता, त्यांच्याच घरच्या बायका कळशी घेऊन त्या वस्तीत येऊ लागल्या. भाषण नाही, मोर्चा नाही. तहान सगळ्यांना सारखीच लागते, एवढ्यावरच त्यांची भिस्त होती.

हे दोघे ख्रिस्ती होते आणि आपली श्रद्धा त्यांनी कधी झाकून ठेवली नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एकत्र शिकलेल्या या दोघांनी 1960 मध्ये लग्न करतानाच आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचे ठरवले. रजनीकांत शिक्षकाच्या घरातले. आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात दोघांनी काम केले. तिथे बरे होऊन गेलेले रोगी तीच दुखणी घेऊन परत येत. पाणी गढूळ, पोट रिकामे आणि बाळंतपण अंधाऱ्या खोलीत. तिथे नुसते औषध किती पुरणार? हा प्रश्न घेऊन ते अमेरिकेत शिकायला गेले आणि 1970 मध्ये थेट जामखेडला उतरले. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा कायम अवर्षणाचा भाग. तिथे हजार जिवंत जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळे वर्षाच्या आत दगावत होती.

आमच्या मते या दांपत्याचे खरे मोठेपण पुढे आहे. गरिबांची सेवा करणारे मिशनरी डॉक्टर महाराष्ट्राने आधीही पाहिले होते, मिरजेला तर एकोणिसाव्या शतकापासून. आरोळ्यांनी मात्र डॉक्टरकीच वाटून टाकली. गावाने निवडून दिलेली बाई, बहुतेक वेळा निरक्षर, कित्येकदा दलित, कधी नवऱ्याने टाकलेली, ही गावची आरोग्य सेविका झाली. गरोदर बाई तपासणे, बाळंतपण करणे, जुलाबाने सुकलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, अंगावरचा चट्टा पाहून कुष्ठरोग ओळखणे, हे सगळे ती शिकली. दर आठवड्याला या बाया जामखेडला जमत, सगळ्या जातींच्या बाया एका पंगतीत जेवत, एकाच खोलीत झोपत आणि आपापल्या गावातली अडलेली प्रकरणे एकमेकींपुढे मांडत. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ अमेरिकेतल्या एका परिषदेत बोलल्या. छताच्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले, की झुंबर महाग असते, त्याने दुसरे झुंबर पेटत नाही. पण पणतीने पणती पेटते. सभागृहात जगभरचे तज्ज्ञ बसले होते.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बालमृत्यूंचे ते प्रमाण हजारी तिसाच्याही खाली आले. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात जामखेडचा अनुभव छापला गेला, 1979 मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि 1990 मध्ये रजनीकांत यांना पद्मभूषण. परदेशी सेवाकार्य म्हणजे आपण तिकडे जाऊन मदत करणे, असा आपला समज असतो. इथे उलटे झाले. आफ्रिकेतले, आशियातले, लॅटिन अमेरिकेतले आरोग्य कार्यकर्ते जामखेडला येऊन राहिले आणि नऊवारीतल्या बायांपुढे वही उघडून बसले. शिकवणारी बाई स्वतः शाळेत गेलेली असेलच असे नव्हते.

2005 मध्ये देशात ‘आशा’ योजना आली तेव्हा जामखेडचे उदाहरण समोर होते. पण सरकारने त्यातले नेमके काय उचलले? बाई उचलली, तिचे मानधनावर भागवणेही उचलले. मोठा पगार जामखेडच्या सेविकांनाही नव्हता, हे खरे. पण तिथे दर आठवड्याचे शिक्षण होते, बाईने स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून छोट्या धंद्याला मदत होती, मागे महिला मंडळ आणि शेतकरी मंडळ होते, आणि डॉक्टर तिचे म्हणणे ऐकून घेत. आज आशाताईच्या हाती रजिस्टरांची चळत आहे, आणि थकलेल्या मोबदल्यासाठी तिला आझाद मैदानात येऊन बसावे लागते. तिला नियमित, वेळेवर पैसे मिळालेच पाहिजेत. त्याबरोबरच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीत फक्त आकडे गोळा न करता एक तास तिने गावात काय पाहिले हे वैद्यकीय अधिकाऱ्याने ऐकावे. त्याला वेगळा निधी लागत नाही. जिल्हा परिषदेने एक आदेश काढला तरी पुढच्या महिन्यापासून हे सुरू होऊ शकते.