तागा मोजून घेता, मग तिकीट का नाही?

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. माल कितीही ओळखीच्या पेढीचा असो, तागा उलगडल्याशिवाय, मीटर मोजल्याशिवाय आणि पन्हा पाहिल्याशिवाय कोणी बिल चुकते करीत नाही. त्यात अविश्वास नसतो, समोरचा व्यापारीही वाईट मानीत नाही. परंतु हेच आमचे व्यापारी बंधू परदेशी खरेदीस निघतात तेव्हा पासपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणाला तरी पाठवतात, "सर्वांत स्वस्त असेल ते काढ" एवढे सांगतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. पुढे विमानतळावर अडचण उभी राहिली की नशिबाला बोल लावला जातो.

आमचे मत असे की, दोष नशिबाचा नाही आणि इंटरनेटचाही नाही. विमानाचे तिकीट हा अटींसह विकला जाणारा माल आहे. अटी कडक झाल्या की भाव कमी होतो. ज्याने अटी वाचल्या नाहीत, त्याने पन्हा न पाहताच कापड घेतले असे समजावे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे यंत्रमागवाले असोत किंवा तंतुवाद्ये घेऊन बाहेर जाणारे मिरजेचे कारागीर असोत, ज्यांना धंद्यासाठी विमानाने जावे लागते, त्यांनी तिकिटाची आखणी स्वतः पाहण्यास शिकले पाहिजे. काढून कोणीही देवो, तपासणी आपली असावी.

भाव का हलतो?

पुष्कळांची समजूत अशी की, वेबसाइटवर दोनदा पाहिले की ती आपल्याला ओळखते आणि भाव चढवते. खरे कारण आपल्या बाजाराला समजण्यासारखे आहे. एकाच विमानात, एकाच रांगेत बसणाऱ्यांची तिकिटे वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकली जातात. स्वस्त गटातील जागा संपल्या की पुढचा गट उघडतो. अनेक दर तपासून दाखवणाऱ्या वेबसाइटवर दिसणारा आकडा कधी कधी थोड्या वेळापूर्वीचा असतो. पैसे भरायच्या वेळी ती विमान कंपनीला पुन्हा विचारते, तोवर तो गट संपलेला असतो, म्हणून आकडा बदलतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. चार व्यापारी मिळून जात असतील आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील, तर चौघांचा एकत्र शोध घेतल्यावर साधारणपणे चौघांनाही महाग भाव दाखवला जातो. म्हणून आधी एकासाठी, मग चौघांसाठी भाव पाहावा. फरक दिसला तर तिकिटे वेगळी काढता येतात. मात्र मग विमान रद्द झाल्यास चौघे एकाच पर्यायी विमानात बसतीलच असे नाही, हेही हिशेबात धरावे.

भाव पाहताना सामानाचे वजन त्याच वेळी पाहावे. कापडाचे नमुने दिसायला थोडे, पण तोलायला भारी. सर्वांत खालच्या भावात पुष्कळदा फक्त हातातली बॅग असते. विमानतळावर भरलेले जादा वजनाचे पैसे आधी भरलेल्या पैशांपेक्षा बहुधा जास्त पडतात. वाद्यासारखी लांब वस्तू असेल तर वजनाबरोबर मापाची अटही वाचावी.

नावाचा घोळ

हा प्रश्न आपल्या लोकांना अधिक भोवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. उर्दूत मोहम्मद हे नाव एकाच तऱ्हेने लिहिले जाते. इंग्रजीत मात्र शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेत "मोहद" आणि पासपोर्टवर चौथेच. शेख आणि सय्यद यांचीही तीच कथा. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षरन् अक्षर तसेच हवे. वेबसाइटवर जुने नाव साठवलेले असेल तर ती ते आपोआप भरते, तिकडे विशेष लक्ष द्यावे.

दुसरी अडचण आडनावाची. कित्येकांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते आणि संपूर्ण नाव वरच्या रकान्यात असते. वेबसाइट मात्र आडनाव भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी मनाने वडिलांचे किंवा गावाचे नाव टाकू नये. प्रत्येक विमान कंपनीची यासाठी ठरलेली पद्धत असते. ती तिच्या सूचनांत वाचावी अथवा पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकाच शब्दाचे नाव असलेल्या पर्यटक पासपोर्टधारकांना प्रवेश नाकारण्याचे ठरवले. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास ते धरले जाईल असा खुलासा नंतर झाला. दुबईला माल पाहण्यास जाणाऱ्यांनी आपला पासपोर्ट आजच उघडून पाहावा. नाव दुरुस्त करून नवा पासपोर्ट घेण्यास वेळ लागतो, तिकीट मात्र पाच मिनिटांत निघते.

तिकिटावर नावाच्या शेवटी "एमआर" ही अक्षरे चिकटलेली दिसली तर घाबरू नये. ते "मिस्टर" असते. पण खरी चूक दिसली तर त्याच दिवशी कळवावे. भारतीय नियमांनुसार २४ तासांच्या आत कळवलेल्या, त्याच व्यक्तीच्या नावातील चुकीची दुरुस्ती विनाशुल्क करून मिळू शकते, विशेषतः तिकीट थेट विमान कंपनीकडून काढले असेल तर. त्यानंतर तीच दुरुस्ती खर्चाची होते.

दोन तिकिटे, एक प्रवास

चीनमधील क्वांगचौ येथे वर्षातून दोनदा मोठा निर्यात मेळा भरतो. वस्त्रोद्योगाचा भाग त्याच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे मेच्या आरंभी व ऑक्टोबरच्या अखेरीस येतो. भारत आणि चीनमधील थेट विमाने २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-क्वांगचौ मार्गाने पुन्हा सुरू झाली. तरीही आपल्याकडील पुष्कळ लोक बँकॉक किंवा क्वालालंपूरवरून जातात.

समजा, वेबसाइटने मुंबई ते बँकॉक एका कंपनीचे आणि बँकॉक ते क्वांगचौ दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे जोडून स्वस्त भाव दाखवला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की बदल प्रवाशाने स्वतः करायचा आहे. याचा अर्थ असा की, बँकॉकला सामान आपणच उतरवून घ्यायचे, तेथील इमिग्रेशनमधून बाहेर पडायचे आणि पुन्हा काउंटरवर रांग लावायची. म्हणजे मधल्या देशाच्या प्रवेशाच्या अटीही पूर्ण कराव्या लागतात. शिवाय बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एकावर उतरून दुसऱ्यावरून निघायचे असेल तर संपूर्ण शहर ओलांडावे लागते. पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे सुटले, तर दुसऱ्या कंपनीची काहीही जबाबदारी नसते. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असती तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर असती. जो भाव कमी दिसला, तो या जबाबदारीची किंमत वजा करून दिसला.

हीच गोष्ट आता घराजवळही आली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. वेबसाइटवर "मुंबई" शोधले की दोन्ही विमानतळ एकत्र दिसू शकतात. जुन्याची खूण "बीओएम", नव्याची "एनएमआय". नव्यावर उतरून जुन्यावरून आंतरराष्ट्रीय विमान धरायचे म्हणजे मधली वाहतूक आपल्या खांद्यावर. इस्तंबूलच्या बाजारास जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की तेथे एक विमानतळ युरोपच्या बाजूस आणि दुसरा, सबिहा गोकचेन, आशियाच्या बाजूस आहे.

तारीख आणि घड्याळ

तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, इस्तंबूलचे अडीच तास मागे, तर चीनचे अडीच तास पुढे. आखाताकडील विमाने बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेला ००.४० ही वेळ असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचे असते. जो १५ तारखेच्या रात्री जातो, त्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते.

आखणी विमानतळापासून नव्हे, घरापासून करावी. मालेगावहून मुंबई सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. कसारा घाटात वाहने अडकली की तास-दोन तास सहज जातात. वेबसाइटला घाट माहीत नसतो, तो आपल्यालाच धरावा लागतो.

पैसे गेले, तिकीट आले नाही

खात्यातून रक्कम कापली गेली आणि पडदा तेथेच थांबला, तर घाबरून लगेच दुसरे तिकीट काढू नये. नाहीतर दोन्ही तिकिटे निघून रद्द करण्याचा खर्च अंगावर येतो. प्रथम ई-मेल व त्यातील स्पॅमचा कप्पा पाहावा. मग विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून पाहावे. पीएनआर म्हणजे सहा अक्षरांची खूण. ती केवळ नोंद आहे. तिकीट झाले याचा पुरावा बहुधा १३ आकडी ई-तिकीट क्रमांक. आंतरराष्ट्रीय प्रवासात पीएनआर आहे पण हा क्रमांक नाही, तर काम अर्धेच झालेले असू शकते असे समजून तत्काळ विचारणा करावी.

व्यवहार फसला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा आधार आहे. खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याकडे व्यवहाराची पुष्टी पोहोचली नाही, अशा कार्ड वा यूपीआय व्यवहारात पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई आहे. यासाठी पडद्याचा फोटो आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावा.

आणखी एक सूचना. मदतीचा फोन क्रमांक गूगलवर शोधू नये. तेथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. ते मोबाइलमध्ये एखादे ॲप घ्यायला लावतात, ओटीपी विचारतात आणि उरलेले खातेही साफ करतात. क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवरूनच किंवा तिकिटावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब कळवावे.

रद्द झाले तर

"परतावा नाही" असा शेरा वाचून पुष्कळजण हक्काचे पैसे सोडून देतात. २०१६ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने स्पष्ट केले की, अशा तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत केली पाहिजेत. रक्कम मोठी नसेल, पण ती आपली आहे. विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केले असेल तर पूर्ण परतावा किंवा दुसरे विमान मागता येते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा हे माहीत असणे किती आवश्यक आहे ते सर्वांनी पाहिले. तक्रारीसाठी केंद्र सरकारचे "एअरसेवा" आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

येथे एक गोष्ट निर्णायक ठरते. तिकिटात मोबाइल क्रमांक आणि ई-मेल कोणाचा आहे? एजंटाने स्वतःचा टाकला असेल तर वेळ बदलल्याचा निरोप त्याला जातो. तो त्या दिवशी दुसऱ्या गावी लग्नाला गेला असेल तर आपण जुन्या वेळेवर घरून निघतो. क्रमांक आपलाच असावा, हा आग्रह धरावा.

मग एजंट नकोत काय?

आमचे म्हणणे तसे नाही. आपल्या गावांतील एजंट आपलेच भाई आहेत, त्यांची रोजी त्यावर आहे. व्हिसा, गटाचा प्रवास, अडचणीच्या वेळची धावपळ यांत चांगल्या एजंटाची किंमत वेबसाइट देऊ शकत नाही. दलाल धंद्यात हवाच, पण म्हणून कोणी डोळे मिटून सौदा करीत नाही. जो एजंट ई-तिकीट क्रमांक, सामानाचे वजन आणि रद्द करण्याच्या अटी लेखी देतो, त्याच्याकडेच जावे. जो "काळजी करू नका शेठ" म्हणून टाळतो, त्याला नम्रपणे पुन्हा विचारावे.

"आम्हाला इंग्रजी येत नाही" ही सबब आता टिकणारी नाही. ज्या घरांत यंत्रमाग आहे, त्या घरांत कॉलेजात शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांच्याकडून नाव, तारीख, विमानतळ, सामान आणि अटी या पाच गोष्टी मोठ्याने वाचून घ्याव्यात, मगच पैसे भरावेत. व्यापारी संघटनांनी आठवड्यातून एक तास एखाद्या जाणत्या तरुणास बसवून लहान कारागिरांची तिकिटे तपासून द्यावीत. मोठ्या व्यापाऱ्याचे एक तिकीट बुडाले तर तो दुसरे काढतो. परंतु चार मागांचा धनी वर्षभर पैसा जमवून एकदाच बाहेर पडतो. त्याचे विमान चुकले की त्याच्या वर्षाचा सौदा चुकतो.